हात घरी आणायचा

थंडी पडली की आमच्या चऱ्होलीच्या सोसायटीत पहाटे नदीकडून धुकं वर चढतं. गॅलरीतून समोरच्या इमारती दिसेनाशा होतात आणि थोडा वेळ का होईना, इथे पूर्वी ज्वारीची रानं होती हे खरं वाटायला लागतं. मी चहाचा कप घेऊन उभी राहते. या वयात जाग लवकर येते, आणि एकट्या माणसाची सकाळ फार मोठी असते.

यंदा थंडीबरोबर क्लब हाऊसमध्ये मुलांचे नवे वर्ग सुरू झाले. एका खोलीत बॉक्सिंग, शेजारच्या खोलीत जपानी आयकिडो. खालच्या मजल्यावरची प्राजक्ता परवा मुलीचा हात धरून जिन्यात भेटली.

"मावशी, हिला कशात घालू? तुम्ही सिस्टर होतात, तुम्हाला कळेल. कशात कमी लागतं?"

"लागायचं ते दोन्हीत लागतं," मी म्हटलं.

"मग फरक काय?"

शिकवणारा माणूस कसा आहे ते बघ, मुलीला काय आवडतं ते बघ, असलं काहीबाही बोलून मी वेळ मारून नेली. घरात येऊन दार लावलं आणि चपला न काढताच खुर्चीत बसून राहिले. फरक काय ते मला एका थंडीत कळलं होतं. पण ते जिन्यात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं.

माझे वडील बॉक्सर होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आम्ही म्हणजे मीच, कारण घरात दुसरं कोणी नव्हतं. आई मी लहान असतानाच गेली. आबा पुनावळ्याच्या शेतकऱ्याचे थोरले चिरंजीव. पलटणीत भरती झाले, खडकीला गेले, तिथे कोणीतरी त्यांच्या हातात ग्लोव्हज चढवले आणि ते तिथलेच झाले. नाक मोडून एका बाजूला बसलेलं, डाव्या भुवईत एक पट्टा असा की तिथे केस उगवत नसत. बासष्टची लढाई झाली, त्यानंतर थोड्याच दिवसांत पलटण सोडून ते घरी आले आणि चिंचवडच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहिले. लढाईबद्दल ते कधी बोलले नाहीत. बॉक्सिंगबद्दल मात्र भाकरी मोडता मोडताही बोलत.

तेव्हा पिंपरी-चिंचवडला रोज कुठे ना कुठे पत्र्याची नवी शेड उभी राहायची. हवा गार असली की कारखान्याचा भोंगा लांबवर ऐकू जायचा. संध्याकाळी पाळी सुटली की अंगाला ऑइलचा वास येणारी पोरं रेल्वे लाइनीपलीकडच्या एका बंद गोदामात जमायची. तिथे आबांचा आखाडा होता. तुळईला टांगलेलं पोतं, पोत्यात वाळू आणि भुसा. पलटणीतून आणलेले, भेगाळलेले ग्लोव्हज. त्यांना आबा रविवारी उन्हात बसून गोडेतेल चोळायचे. रुळाचा एक तुकडा टांगलेला असायचा, तो आमची घंटा. ती पान्ह्यानं वाजवायचं काम माझं. मी स्टुलावर बसून पाय हलवत घड्याळाकडे बघायचे आणि वेळ झाली की ठण्णकन मारायचे. त्या एका आवाजासरशी दोन मोठी माणसं मारायची थांबत, याचं मला फार नवल वाटायचं.

"ठोसा मारनं कुनालाबी येतं," आबा पोरांना सांगायचे. "हात गेला पायजे, लागला पायजे, आन् ज्या वाटंनं गेला त्याच वाटंनं घरी आला पायजे. घर म्हंजे ही हनुवटी. भाईर ऱ्हायलेला हात म्हंजे उघडं दार. कुनीबी घुसतंय."

मग संध्याकाळभर एकच ओरडा ऐकू यायचा. "हात घरी! मुडद्या, हात घरी आन!"

मी एकदा म्हटलं, "आबा, मलाही शिकवा."

"मी पोरींना शिकवत न्हाई," ते म्हणाले. "तू घंटा वाजीव."

मी घंटा वाजवत राहिले. पण डोळ्यांनी शिकले ते कोण अडवणार? कोणाचा खांदा ठोशाच्या आधी उचलला जातो, कोण श्वास धरून ठेवतो आणि म्हणून दमतो, कोण घाबरला की जास्त मारतो, हे मला स्टुलावरून दिसायचं. बॉक्सिंगचं मला एक फार आवडायचं. त्यात लबाडी नव्हती. एका वजनाची दोन माणसं समोरासमोर. दोघांना माहीत, की आपण मारणार आणि आपल्याला लागणार. घंटा झाली की संपलं. ओठ फुटलेला माणूस ओठ फोडणाऱ्याच्या गळ्यात पडायचा. अशी माणसं मी पुढे कारखान्यात फार कमी पाहिली.

वर्षं गेली. मी नर्सिंग केलं आणि एका कारखान्याच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून लागले. गोदाम विकलं गेलं, आखाडा मोडला. आबा निवृत्त झाले आणि चिंचवडगावातल्या आमच्या दोन खोल्यांपुढच्या अंगणात उन्हाला बसू लागले. त्यांचे हात कापायला लागले होते. आधी मला वाटलं, थंडीनं. मग ते बोलता बोलता मध्येच थांबायला लागले, जिनसांची नावं विसरायला लागले. एक दिवस मी डबा भरत असताना त्यांनी मला विचारलं, "बाई, हितली पोरगी कुठं गेली?"

मी जी थंडी म्हणतेय ती हीच. सत्तरीचं दशक सरत आलं होतं. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी आबांच्या डोळ्यांत बॅटरी मारली, दोन पावलं चालायला लावलं, मग मला बाहेर बोलावून सांगितलं, "डोक्याला बसलेले मार आहेत हे. बॉक्सर लोकांना पुढे होतं. औषधानं झोप लागेल, बाकी काही नाही." परतताना लोकलसाठी शिवाजीनगरच्या बाकावर बसलो. आबा शेंगा सोलून मला देत होते, मी खात होते. मला आठवतं, त्या शेंगा खारवलेल्या होत्या आणि आम्ही दोघंही मजेत दिसत असणार.

दिवसा शेजारणी लक्ष ठेवत. राग यायचा तो सकाळी. मी कामाला निघण्याच्या आधी, ऊन अंगणात येताना. अंगणातून दाराकडे बघता बघता ते एकदम उठायचे, डोळे मोठे व्हायचे, आणि जो समोर असेल त्याच्यावर हात टाकायचे. समोर बहुधा मीच असायचे. त्यांचा जुना शिष्य रशीदभाई गॅरेजला जाता जाता रोज डोकावायचा. मुंबई-पुणे रस्त्यावर त्याचं ट्रकचं गॅरेज होतं. माणूस तगडा, आबांना अजून उस्ताद म्हणणारा. त्यानं एकदा आबांना मागून कव घालून धरलं. आबा असे काही उसळले की दोघंही तुळशीजवळ आपटले. रशीदभाईचा ओठ फुटला, आबांचा कोपर सोलवटला. बॉक्सिंगमध्ये असं धरलं की रेफ्री येऊन सोडवतो. आमच्या अंगणात रेफ्री कोण होणार?

"ताई, मला उस्तादवर जोर लावता येत नाही," रशीदभाई ओठाला रुमाल लावून म्हणाला. "आणि जोर नाही लावला तर आवरत नाहीत."

पुनावळ्याचे नाना, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, बातमी ऐकून आले. अंगणातल्या बाजेवर बसून त्यांनी टोपी मांडीवर ठेवली. "शाले, येरवड्याच्या इस्पितळात ठिवू त्याला. तिथं बघत्यात. तुझं वय चाललंय गं. राजगुरुनगरची ती मानसं किती दिस थांबायची?" राजगुरुनगरला एक शिक्षक होते, त्यांचं स्थळ आलेलं होतं. मी मान खाली घालून चहा ओतत राहिले. आबा शेजारीच बसले होते. आपल्याबद्दल चाललंय हे त्यांना कळत होतं की नाही, कोण जाणे. ते नानांच्या टोपीवरून हात फिरवत होते.

याच दिवसांत फुमिको भेटली.

कारखान्यात एक मोठं यंत्र बसवायला जपानी इंजिनियर आला होता, थंडीपुरता. त्यानं बायकोला बरोबर आणलं होतं. कंपनीच्या बंगल्यात ती दिवसभर एकटी. छातीत कफ होऊन ती आजारी पडली, तेव्हा डॉक्टरांनी मला रोज जाऊन इंजेक्शन द्यायला सांगितलं. पन्नाशीची, लहानखुरी बाई. हसताना तोंडावर हात धरायची. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमलं; दोघींनाही लाज वाटत नसे. मी गेले की टेबलावर दोन कप मांडलेले असत. एक दिवस मला उशीर झाला, तेव्हा ती फाटकापाशी शाल पांघरून उभी होती. नुसती उभी. रस्त्यावरून सायकलींवर पहिल्या पाळीची माणसं परतत होती आणि ती प्रत्येकाकडे बघत होती.

बरी झाल्यावर एकदा मी आत शिरले तर हॉलमध्ये बंगल्यातल्या सगळ्या गाद्या जमिनीवर अंथरलेल्या. तिच्या अंगात जाड पांढरा सदरा आणि चुण्यांचा घोळदार काळा पायजमा. ती पुढे झुकली, खांद्यावरून चेंडूसारखी गडगडत गेली आणि पलीकडे उभी राहिली. आवाज झाला नाही. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"आयकिडो," ती म्हणाली.

"मारामारी?" मी मुठी वळून विचारलं.

तिनं माझी एक मूठ उघडली. मग म्हणाली, "मारामारी आली, तर."

कशाला शिकलीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, आमचं घर लहान, माणसं खूप. वर्गात गेलं की तासभर कोणी बोलायचं नाही. म्हणून गेले. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "इथे शांतता जास्त झाली."

त्यानंतर दोन-चार दिवसांनी माझा गाल सुजलेला होता. आबांचा हात कानशिलाखाली बसला होता. दवाखान्यात मी दार लागलं म्हणून सांगितलं. फुमिकोनं माझ्या गालावर थंड पाण्याचा रुमाल ठेवला, मग समोर उभी राहिली आणि स्वतःच्या गालावर बोट ठेवून म्हणाली, "मला मार. तसंच."

मी आबांसारखा हात टाकला. ती मागे सरली नाही, हातानं अडवलंही नाही. बाजूला एक पाऊल टाकलं, वळली, आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिचा तळहात माझ्या मनगटावर नुसता टेकलेला. माझा हात जिकडे निघाला होता तिकडेच ती त्याला घेऊन गेली, थोडा पुढे, थोडा खाली, आणि मी गादीवर बसलेली होते. कुठे दुखलं नाही. कोणीतरी खुर्ची पुढे सरकवून द्यावी तसं वाटलं.

मी शिकायचं ठरवलं. साडीनं पहिल्याच दिवशी दगा दिला, तेव्हा तिनं नवऱ्याचा पायजमा आणून दिला. रोज काम संपल्यावर तासभर. आधी फक्त पडायला शिकवलं. माझी हाडं जमिनीची ओळख करून घेईपर्यंत तिनं दुसरं काही शिकवलं नाही. आबांच्या आखाड्यात पडणं म्हणजे हरणं. इथे पडणं हा पहिला धडा. तिथे दोघं एकमेकांना मारत. इथे एकजण मारायचा, दुसरा घ्यायचा, मग पाळी बदलायची. घंटा नाही, गुण नाहीत, कोण जिंकलं हे विचारायची सोय नाही. मला ते सुरुवातीला खोटं वाटायचं. मी तिच्या हाताला धरून वळायचे आणि ती पडायची. पण मला माहीत होतं, ती पडायचं ठरवून पडतेय. माझ्यातली स्टुलावरची मुलगी हसायची. खऱ्या बॉक्सरपुढे हे चालेल का?

"हळू," फुमिको म्हणायची. तिनं बंगल्यातल्या मोलकरणीकडून उचललेला हा पहिला मराठी शब्द. मी घाई केली की तोच. "हळू, हळू."

मकर संक्रांतीनंतरच्या रविवारी मी तिला घरी नेलं. आबांचा दिवस बरा होता. रशीदभाई आला होता, अंगणात बसून आबांची दाढी करत होता. फुमिकोनं वाकून नमस्कार केला. आबा तिचे पाय बघत होते. माणसाकडे बघताना आधी त्याचे पाय बघायची त्यांची सवय होती.

"ही खेळनारी हाय," ते म्हणाले. अर्धी दाढी साबणात.

मी सांगितलं, ही मला शिकवते. मग आम्ही दोघींनी अंगणात थोडं करून दाखवलं. रशीदभाई वस्तरा हातात धरून बघत होता. आबांनी टॉवेलनं तोंड पुसलं.

"ही तर फुगडी हाय," ते म्हणाले.

फुमिकोला मी फुगडी कशी सांगणार? तिचे दोन हात धरून एक गिरकी घेतली. ती तोंडावर हात धरून खूप हसली. मग तिनं आबांकडे बघून मुठी वर केल्या आणि भुवया उंचावल्या. येता का?

आबा उठले. मला भीती वाटली. पण ते उठले आणि त्यांचा डावा पाय पुढे गेला, खांदे उतरले, हनुवटी छातीकडे आली आणि कापणारे हात कापायचे थांबले. इतक्या महिन्यांत मी माझ्या बापाला पाहिलं नव्हतं. ते तिथे उभे होते. डावा हात सुटला, फुमिकोच्या कपाळासमोर क्षणभर दिसला, आणि परत हनुवटीशी. तिनं पाऊल टाकलं, वळली, तळहात ठेवला तो हवेत. पुन्हा हात सुटला. पुन्हा तिला मिळाला नाही. आबांनी एकदाही तिला लागू दिलं नाही, सुताएवढं अंतर ठेवून ते हात परत आणत होते.

"हात घरी!" रशीदभाई ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

फुमिको थांबली आणि कमरेतून वाकली. मला म्हणाली, "जो हात परत जातो, तो मला घेता येत नाही."

मी आबांना ते सांगितलं. "मग?" ते म्हणाले, आणि अर्ध्या दाढीनिशी असे ऐटीत बाजेवर बसले की आम्ही सगळेच हसलो. नंतर चहा झाला, तिळाच्या वड्या झाल्या. मी आयुष्यात फार मेजवान्या पाहिल्या नाहीत. ती दुपार माझी मेजवानी.

ती आबांची शेवटची लढत ठरली. पुढच्या पंधरवड्यात ते उतरत गेले. घास तोंडाशी नेऊन विसरायचे. आणि मग एका सकाळी, मी दाराशी उभी असताना, अंगणात बसलेले आबा उठले, डोळे तसेच मोठे झालेले, आणि त्यांनी हात टाकला.

मी बाजूला सरकले. वळले. त्यांच्या शेजारी आले, मनगटावर तळहात टेकवला. आणि मला कळलं, की हा हात परत चाललेला नाही. तो गेला आणि तिथेच राहिला, लांब, उघडा, कापत. दुसरा हात मांडीजवळ लोंबत होता. ज्या माणसानं शंभर पोरांना हात घरी आणायला शिकवलं त्याचा स्वतःचा हात घरची वाट विसरला होता. म्हणून तर तो मला घेता आला. मी त्याला थोडं पुढे, थोडं खाली नेलं, आणि आबा अलगद पायरीवर बसले. सगळं फुमिकोनं शिकवलं तसं झालं. मला वाटलं होतं की जमलं तर आनंद होईल. मी त्यांचं मनगट धरून रडत बसले.

पण त्या वळण्यात आणखी एक झालं. बॉक्सिंगमध्ये तुम्ही नेहमी समोरच्याचा चेहरा बघता. तो काय बघतोय ते तुम्हाला कधीच दिसत नाही. आता मी आबांच्या शेजारी होते, त्यांच्याच दिशेला तोंड करून. समोर आमचं दार होतं. दारातल्या दोरीवर माझी गणवेशाची पांढरी साडी वाळत होती. वाऱ्यानं फुगायची, खाली बसायची, जमिनीला टेकायची.

"त्यो बग," आबा म्हणाले. त्यांचं बोट साडीकडे होतं. "पांढऱ्यात पडलाय. उठत न्हाई त्यो."

"कोण, आबा?"

"मी त्याला लई मारला न्हाई," ते म्हणाले. "घंटा वाजीव की गं."

कोण तो पांढऱ्यात पडलेला, ते मला कधी कळलं नाही. रिंगणातला कोणी होता, की बासष्टला वर बर्फात राहिलेला पलटणीतला सोबती, ते सांगायला आबांच्या आत आता कोणी उरलं नव्हतं. मी आत गेले, ताट आणलं, चमच्यानं एकदा ठण्णकन वाजवलं. आबांचे खांदे खाली आले. त्या दिवसापासून साडी मी मागच्या बाजूला, कोळशाच्या पडवीत वाळत घातली. राग पूर्ण गेला नाही, पण रोजचा राहिला नाही. इतके दिवस मी त्यांच्या समोर उभी राहून त्यांना शांत व्हा म्हणत होते, आणि ती साडी माझ्या पाठीमागे हलत होती.

होळीच्या सुमारास यंत्र चालू झालं आणि फुमिको परत निघाली. बंगल्याच्या फाटकापाशी गाडी उभी होती. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि एक गिरकी घेतली, ड्रायव्हरसमोर. मग गाडीत बसली. काचेतून तिनं काहीतरी म्हटलं, ते ऐकू आलं नाही. पुन्हा आमची भेट झाली नाही. दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर माझे पाय सवयीनं बंगल्याकडे वळले. हॉलच्या खिडकीतून गाद्या पुन्हा पलंगांवर घातलेल्या दिसत होत्या. मी तिथून चालत घरी आले आणि वाटेत ओळखीचं कोणी भेटू नये असं वाटत राहिलं. भेटलंही नाही.

ऊन तापू लागलं तेव्हा आबा एकदा माझी नजर चुकवून नदीकाठी गेले आणि घाटावरच्या एका माणसावर त्यांनी हात टाकला. लोक बोलले. दोन दिवसांनी नाना जीप घेऊन आले, बरोबर पुनावळ्याचे दोघं गडी.

"आज न्हेतोच," नाना माझ्याकडे न बघता म्हणाले. "उद्या कुनाचा जीव घिईल, मंग?"

"नाना, तुम्ही बसा. मी काय सांगते—"

"बसायला आलो न्हाई." त्यांनी आबांचा दंड धरला आणि ओढला. "चल दादा, गाडीत बस."

आबांचा हात वर गेला. गडी पुढे धावले. मी त्यांच्या आधी पोचले. पाऊल, वळण, मनगट. त्या वेळी मला फुमिकोही आठवली नाही, काहीच आठवलं नाही. आबा आणि मी एकाच दिशेला बघत हळूहळू खाली बसलो, मातीत, शेजारी शेजारी. त्यांचं डोकं माझ्या खांद्याला लागलं. धाप लागली होती.

आबांनी मान वळवून माझ्याकडे नीट बघितलं. मग माझ्या पायांकडे.

"चांगली हायस की गं," ते म्हणाले. "कुनाकडं शिकलीस?"

"तुमच्याकडंच, आबा."

"ह्या!" ते म्हणाले. "मी पोरींना शिकवत न्हाई."

नाना हसले. हसता हसता पायरीवर बसले आणि उपरण्यात तोंड घालून लहान मुलासारखे रडायला लागले. त्यांना खांद्यावर बसवून आबांनी जत्रा दाखवली होती, असं ते मध्येच काहीतरी म्हणत होते. गड्यांनी जीपमध्ये बसून विड्या पेटवल्या. निघताना नानांनी आबांच्या पायाला हात लावला. "ऱ्हाऊ दे हितंच," मला म्हणाले. "जवारी धाडतो." राजगुरुनगरचं पुढे त्यांनीही काढलं नाही. त्या शिक्षकांचं लग्न त्याच वैशाखात झालं. मला वाईट वाटलं का? वाटलं. एका संध्याकाळी, दिवा लावताना, उगीचच.

पुढच्या थंडीपर्यंत आबा होते. राग केव्हाच संपला होता. आता ते बाजेवरून फारसे उठत नसत. एका सकाळी मी दुधाचा पेला घेऊन आले तर त्यांचा हात वर उचलला गेला. माझं पाऊल आपोआप बाजूला पडलं. शरीर तयार झालं, वळायला, घ्यायला. पण तो हात कुठेच निघालेला नव्हता. तो नुसता वर होता, बोटं उघडी. मला कळायला वेळ लागला. त्यांना उठायचं होतं, कोणाचा तरी आधार हवा होता.

मी पेला खाली ठेवला आणि त्यांच्या काखेत खांदा दिला. आम्ही दारापर्यंत गेलो. पायरीवर ऊन आलं होतं, तिथे बसलो. "ऊन बरं हाय," आबा म्हणाले. त्यांनी हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि डोळे मिटले. गल्लीतून भाजीवाली ओरडत गेली, शाळेची पोरं गेली. ऊन पायरीवरून उतरून अंगणात सरकलं तरी आम्ही बसून होतो.

रशीदभाई गॅरेजला जाता जाता डोकावला. काही बोलणार तोच मी त्याला मानेनं नको म्हटलं. तो आमच्यासमोर उकिडवा बसला. आबांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, मग वाकून त्यानं त्यांच्या नाकाजवळ बोट धरलं.

"ताई," तो म्हणाला, "उस्ताद गेले."

मी नर्स होते. मला ते मघाशीच कळलं होतं. पण तो हात माझ्या गुडघ्यावर होता, आणि तो उचलून बाजूला ठेवणं माझ्याच्यानं होत नव्हतं.